हर्णै बंदर आणि ग्वाल्हेरची दौलत

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर उभे राहून चारी दिशांना कितीही दूरवर दृष्टी टाकली, तरी समुद्र काही दिसावयाचा नाही. येथील मराठी माणसाने डोंगर पाहिले, बीहड पाहिले, चंबळेचा पूर पाहिला. पण भरती-ओहोटी हे शब्द त्याला बहुधा घरातील वडील मंडळींच्या तोंडूनच ऐकावे लागले. अशा या समुद्रापासून दूर असलेल्या नगरीतील श्रोत्यांपुढे कोकणच्या किनाऱ्यावरील एका मासेमार गावाची हकीकत ठेवावयाची म्हणजे थोडे धाडसच होय. परंतु या गावाचा आणि ग्वाल्हेरच्या दौलतीचा संबंध आपण समजतो त्याहून पुष्कळ निकटचा आहे. त्या गावाचे नाव हर्णै.

रत्नागिरी जिल्ह्यात दापोली नावाचा तालुका आहे. दापोलीहून पंधरा-सोळा किलोमीटर पश्चिमेकडे उतरत गेले, की नारळी-पोफळींच्या बागा संपतात, वाऱ्याला खारट वास येऊ लागतो आणि एकदम समुद्र पुढ्यात येतो. किनाऱ्यावर दाटीने वसलेली घरे, ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी, आणि समोर पाण्यात, हात लांबविला तर लागेल असा वाटणारा, काळ्या तटांचा सुवर्णदुर्ग! किनारा आणि किल्ला यांच्यामधले पाणी फार रुंद नाही. हर्णैचा सारा इतिहास या चिंचोळ्या पाण्यात घडला, असे म्हटले तरी चालेल.

सुवर्णदुर्ग प्रथम विजापूरकरांच्या अमदानीत उभा राहिला असे मानतात. १६६० च्या सुमारास तो शिवछत्रपतींकडे आला आणि त्यांनी त्याची मजबुती करून त्याला आपल्या आरमाराचे एक ठाणे केले. बेटावरील खडकच तासून त्याचा तट उठविलेला आहे. कित्येक ठिकाणी मूळ कातळ कोठे संपतो आणि बांधकाम कोठे सुरू होते हे चटकन कळत नाही. महादरवाजा पूर्वेकडे, म्हणजे किनाऱ्याच्या दिशेला आहे. त्याच्या पायरीवर कासव कोरलेले आहे आणि बाजूच्या तटावर मारुती. समुद्राच्या अंगाला एक चोरदरवाजा आहे. हा एक किल्ला पुरेसा नव्हता म्हणून की काय, समोरच्या किनाऱ्यावर आणखी तीन लहान किल्ले आहेत : कनकदुर्ग, फत्तेदुर्ग आणि गोवा किल्ला. एका मासेमार गावाला चार किल्ल्यांचे कोंदण लाभावे, हे भाग्य किनाऱ्यावरील फार थोड्या गावांच्या वाट्यास आले असेल.

मात्र किल्ले म्हणजे नुसते दगड. त्यांना अर्थ आला तो आरमारामुळे, आणि आरमाराला अर्थ आला तो दर्यावर्दी माणसांमुळे. कोळी, भंडारी, खारवी या जातींची माणसे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगलेली. वारा कधी फिरणार, खडक कोठे आहेत, कोणत्या खाडीत ओहोटीलाही पाणी टिकते, ही विद्या पुस्तकात मिळणारी नव्हती. शिवछत्रपतींनी ती ओळखली आणि कान्होजी आंग्र्यांनी तिचा कळस केला. कान्होजींच्या गुराबा दोन-तीन डोलकाठ्यांच्या, उथळ पाण्यातही चालणाऱ्या; त्यांच्या जोडीला वल्ह्यांनी चालणारी चपळ गलबते. मोठे विलायती जहाज वारा पडला की लाकडाच्या ओंडक्यासारखे जागच्या जागी डुलत राही, आणि नेमक्या त्याच वेळी ही गलबते गुराबांना ओढीत त्याच्या पिछाडीस नेऊन भिडवीत. इंग्रज, पोर्तुगीज आणि डच या तिघांनाही कान्होजी जिवंत असेपर्यंत या किनाऱ्यावर निर्धास्तपणे वावरता आले नाही. त्यांच्या कागदपत्रांत कान्होजींना चाचा म्हटलेले आढळते. पण शाहू छत्रपतींचा सरखेल आपल्या धन्याच्या पाण्यात परवाना नसलेले जहाज अडवितो, याला चाचेगिरी म्हणावयाचे, तर मग हजारो कोस दूरच्या व्यापारी कंपनीने येऊन परवाने वाटावे, याला काय म्हणावयाचे?

कान्होजींना शाहू महाराजांच्या बाजूस आणण्याचे काम १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी केले. बाळाजीपंत मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे बाणकोटची खाडी ओलांडली की पलीकडचे. किनाऱ्यावरच्या माणसाने किनाऱ्यावरच्या माणसाशी समजूत घातली, आणि मराठी राज्याला जमिनीवर पेशवा व समुद्रावर सरखेल असे दोन हात लाभले. त्याच बाळाजीपंतांच्या नातवाच्या कारकीर्दीत यांतील एका हाताने दुसरा तोडला. ती गोष्ट घडली हर्णैच्या समोर.

कान्होजी १७२९ मध्ये वारले. पुढे त्यांच्या मुलांत फाटाफूट झाली आणि विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग वगैरे दक्षिणेकडील ठाणी तुळाजी आंग्र्यांकडे आली. तुळाजी शूर होता, पण पेशव्यांना जुमानीत नव्हता. नानासाहेब पेशव्यांच्या मुलखाला आणि व्यापाऱ्यांना त्याचा उपद्रव होत होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. अखेर १७५५ मध्ये पेशव्यांचे कोकणातील सरसुभेदार रामाजी महादेव यांनी मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. जमिनीवरून मराठी फौज आणि समुद्रावरून इंग्रजी जहाजे, अशी मोहीम ठरली. इंग्रजांचा आरमारी अधिकारी कमोडोर विल्यम जेम्स मार्चच्या अखेरीस मुंबईहून निघाला. जहाजे धोक्यात घालू नयेत, बंदरांची नाकेबंदी करावी आणि किल्ल्यांचे काम मराठ्यांवर सोपवावे, असा त्याला हुकूम होता. तो त्याने पाळला नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याने ‘प्रोटेक्टर’ हे चव्वेचाळीस तोफांचे जहाज सुवर्णदुर्गावर आणले. समुद्राकडची बाजू अखंड खडकाची. तिच्यावर गोळ्यांचा काही परिणाम होईना. तेव्हा त्याने पाण्याची खोली मोजून पाहिली आणि जहाज सरळ बेट व किनारा यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पाण्यात घातले. मग एका अंगाच्या तोफा सुवर्णदुर्गावर आणि दुसऱ्या अंगाच्या गोवा किल्ल्यावर, असा दुहेरी मारा सुरू झाला. किल्ल्यात आग लागली, दारूकोठार उडाले आणि तटावरील शिबंदीचा धीर खचला. पेशव्यांचे आरमार या वेळी बरेच दूर उभे होते. जो किल्ला कित्येक वर्षे अजिंक्य मानला गेला, तो थोड्या दिवसांत पडला. करारानुसार इंग्रजांनी तो पेशव्यांच्या स्वाधीन केला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जाळले. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला, तो पुन्हा सुटला नाही. इंग्रजांना बाणकोट मिळाले.

या प्रकरणी नानासाहेबांना दोष देताना इतिहासकारांची लेखणी सहसा अडखळत नाही. माझ्या मते मात्र येथे थोडा विवेक केला पाहिजे. बेबंद सरदाराला वठणीवर आणणे हे कोणत्याही राज्यकर्त्याचे कामच आहे. आणि या घटनेनंतर मराठ्यांचे आरमार अगदीच नाहीसे झाले असेही नाही. विजयदुर्गास पेशव्यांचे आरमार आनंदराव धुळप यांच्या हाताखाली पुढेही होते, आणि १७८३ मध्ये याच धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ हे जहाज पाडाव करून आणले. चूक आहे ती दुसऱ्या ठिकाणी. घरच्या भांडणात परक्याला बोलाविताना आपण त्याला केवळ एका किल्ल्याचा मार्ग दाखवीत नसतो. कोणत्या पाण्यात किती खोली आहे, कोणत्या तटावर गोळा लागू पडतो, कोण सरदार कोणावर रुसला आहे, हे सर्व त्याला कळते. जेम्सने हर्णैच्या पाण्यात खोली मोजली ती अशी.

या विजयाची इंग्रजांना केवढी मातब्बरी वाटली, हे पाहावयाचे असेल तर लंडनला जावे लागेल. जेम्स पुढे सर विल्यम जेम्स झाला, श्रीमंत झाला आणि १७८३ मध्ये वारला. त्याच्या पत्नीने दुसऱ्याच वर्षी लंडनच्या आग्नेय भागात, शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर, त्याच्या स्मरणार्थ एक त्रिकोणी मनोरा बांधविला. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. इंग्रजी जिभेवर सुवर्णदुर्गाचे झालेले हे रूप! मनोरा अद्याप उभा आहे आणि लोक त्यावर चढून लंडन शहर पाहतात.

आता ग्वाल्हेरकडे येऊ. सुवर्णदुर्ग पडल्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी दुसऱ्या बाजीरावाने या किनाऱ्याची वाट धरली. त्याला पेशवाईच्या गादीवर बसविण्यात आणि तेथे टिकविण्यात दौलतराव शिंद्यांचा मोठा हात होता. शिंदे-होळकरांचे वैर त्या काळी शिगेस पोहोचले होते. त्यातच १८०१ मध्ये विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. त्याचा भाऊ यशवंतराव सूड घेण्यासाठी पुण्यावर चालून आला, आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ त्याने शिंदे व पेशवे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. दौलतराव स्वतः त्या वेळी उत्तरेकडे होते.

बाजीराव पळाला. सिंहगड, रायगड, महाड असे करीत तो सुवर्णदुर्गाच्या आश्रयास आला. पण ज्या किल्ल्यासाठी १७५५ मध्ये एवढा खटाटोप झाला होता, त्याची डागडुजी कोणी नीट ठेवलेली नव्हती. पाठीवर होळकरांचे लोक येत होते. पेशव्याने समुद्राचा रस्ता धरला आणि इंग्रजी जहाजाच्या आश्रयाने तो डिसेंबरात वसईस पोहोचला. मागाहून होळकरांच्या सरदाराने सुवर्णदुर्ग घेतला आणि तेथे राहिलेली पेशव्यांची मंडळी त्याच्या हाती लागली. वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी तह झाला. इंग्रजांची फौज पदरी ठेवावयाची, तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यावयाचा आणि इंग्रजांना विचारल्याखेरीज कोणाशी तह वा युद्ध करावयाचे नाही, असे त्या तहाचे सार होते.

हा तह बाजीरावाने केला खरा, परंतु त्याची किंमत प्रथम चुकविली ती शिंद्यांनी. ज्या पेशव्याचे नायब म्हणून महादजींनी दिल्लीचा कारभार चालविला, तो पेशवाच परस्वाधीन झाल्यावर शिंद्यांना गप्प बसणे शक्य नव्हते. १८०३ मध्ये युद्ध पेटले. ११ सप्टेंबरास दिल्ली, २३ सप्टेंबरास असई, १ नोव्हेंबरास लासवारी, अशा एकापाठोपाठ एक लढाया दौलतरावांच्या फौजा हरल्या आणि ३० डिसेंबर रोजी सुर्जी-अंजनगावच्या तहाने दिल्ली, आग्रा आणि दुआब हातचा गेला. ग्वाल्हेरचा किल्लाही १८०४ मध्ये इंग्रजांनी घेतला; तो १८०५ मध्ये परत मिळाला. दिल्लीवर हुकमत गाजविणारी दौलत अशी आवरत आवरत ग्वाल्हेरभोवती आली, आणि १८१० मध्ये दौलतरावांचा तळ किल्ल्याखाली पडला. तो तळ म्हणजेच आपले लष्कर. आज आपण ज्या गल्ल्यांतून सहज फिरतो, त्यांच्या वसण्यामागे जी अनेक कारणे आहेत, त्यांतील एक कारण सुवर्णदुर्गाच्या किनाऱ्याला लागलेल्या होडीत शोधता येते.

योगायोग येथेच संपत नाहीत. याच बाजीरावाचे दत्तक पुत्र नानासाहेब. आणि जून १८५८ मध्ये तात्या टोपे व झाशीची राणी यांनी ग्वाल्हेर घेतल्यावर पेशवे म्हणून द्वाही फिरली ती त्यांच्याच नावाने, आणि ती याच शहरात. पित्याने कोकणात सोडलेली सत्ता पुत्राच्या नावाने काही दिवसांपुरती का होईना, ग्वाल्हेरीत पुन्हा उच्चारली गेली. राणीने देह ठेवला तोही येथेच.

१८१७–१८ च्या युद्धात सुवर्णदुर्ग कायमचा इंग्रजांकडे गेला आणि त्याचे युद्धातील महत्त्व संपले. इंग्रजांनी दापोलीला छावणी केली. ‘कॅम्प दापोली’ हे नाव लोकांच्या तोंडी दीर्घकाळ राहिले. हर्णै मात्र बंदर म्हणून जगत राहिले. पुढे आगबोटी आल्या. मुंबईहून निघालेली कोकणची बोट हर्णैसमोर दूर पाण्यात थांबावयाची, मग पडाव सुटावयाचे, आणि ट्रंका, वळकट्या, लहान मुले व म्हाताऱ्या यांना त्या हलत्या पडावातून बोटीत चढविताना खलाशांची त्रेधा उडावयाची. पावसाळ्यात हे सारे बंद. कोकणातील कित्येक पिढ्यांनी मुंबई प्रथम पाहिली ती अशा बोटीतून.

या बोटींचीही एक कथा ग्वाल्हेरकरांनी ऐकण्यासारखी आहे. कोकणची वाहतूक करणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी कालांतराने ज्या स्वदेशी कंपनीच्या ताब्यात आली, तिचे नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. एका आगबोट कंपनीला शिंद्यांचे नाव कसे मिळाले? माधवराव महाराज शिंदे यांना जहाजांचे वावडे नव्हते. १९०० साली चीनच्या मोहिमेसाठी त्यांनी ‘ग्वाल्हेर’ नावाचे रुग्णालय-जहाज दिले होते. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या अखेरीस, त्यांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे जुने प्रवासी जहाज घेतले, त्याचे रुग्णालय केले आणि त्याला ‘लॉयल्टी’ असे नाव दिले. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदी उद्योगपतींनी ते विकत घेतले आणि कंपनीला विक्रेत्याचे नाव ठेवले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. राजनिष्ठेचे नाव मिरविणारे जहाज इंग्रजी कंपन्यांची मक्तेदारी मोडावयास निघावे, यातील विनोद त्या काळीही कोणाच्या लक्षात आला असेलच. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

असो. किल्ले आणि तह यांच्या नादात गावाला विसरून चालणार नाही. हर्णै आणि त्याला लागूनच असलेली पाजपंढरी येथील कोळी कुटुंबांचे पंचांग निराळे आहे. सरकारी नियमाप्रमाणे जून-जुलैत मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी विणली जात आहेत, असे ते दिवस. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करावयाचा आणि नव्या हंगामाला आरंभ करावयाचा. मग सायंकाळच्या सुमारास नौका परततात आणि पुळणीवर लिलाव उभा राहतो. पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी, बोंबील, म्हाकूल यांचे ढीग पडतात, भोवती माणसांचे कडे होते, आणि बोली इतक्या वेगाने चढते की नवख्याला कोणी काय घेतले हेच कळत नाही. या बाजारात स्त्रियांचा शब्द चालतो. पाण्यात उभ्या नौकेपासून मासळी किनाऱ्यावर आणण्यासाठी बैलगाड्या थेट लाटांत घातल्या जात. कमरेएवढ्या पाण्यात शांतपणे उभे असलेले बैल हे हर्णैचे दृश्य ज्यांनी पाहिले ते विसरले नाहीत.

या व्यवसायावर संकटेही आहेत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच टापूवरून गेले. नारळी-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या आणि घरांची छपरे उडाली. माड पुन्हा उभा करावयाचा तर वर्षे लागतात. पण वादळ एका दिवसाचे. लहान होडीवाल्याला रोजची चिंता आहे ती मोठ्या पर्ससीन जाळ्यांची आणि प्रखर दिव्यांच्या उजेडात होणाऱ्या मासेमारीची. २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, आणि दुसऱ्याच वर्षी दिव्यांच्या मासेमारीला केंद्राने बंदी केली. तरी तक्रारी थांबल्या नाहीत. ज्यांच्या पूर्वजांनी आंग्र्यांची गलबते वल्हविली, त्यांच्या वंशजांना आज दर्यातला आपला वाटा टिकविण्यासाठी अर्जविनंत्या कराव्या लागत आहेत.

ज्यांना हा प्रदेश पाहावयाचा असेल त्यांनी पावसाळा टाळावा. कोकण रेल्वेने खेडला उतरून दापोलीमार्गे हर्णै गाठता येते. समुद्र शांत असला की होडीवाले सुवर्णदुर्गावर नेतात. आत वाडे राहिलेले नाहीत. झाडी, पाण्याची टाकी, जोती आणि तट एवढेच आहे, पण तटावरून फिरताना जेम्सचे जहाज कोठे शिरले असेल ते समजते. कनकदुर्गावर दीपगृह आहे. उत्तरेस खाडीपलीकडे आंजर्ले. तेथील कड्यावरच्या गणपतीच्या देवळातून खाली पाहिले म्हणजे सुवर्णदुर्ग ताटात ठेवल्यासारखा दिसतो. आंजर्ल्याच्या पुळणीवर समुद्री कासवे अंडी घालण्यास येतात व गावकरी ती राखतात. दक्षिणेस मुरुड, महर्षी कर्व्यांचे गाव. सतराव्या-अठराव्या वर्षी परीक्षेसाठी साताऱ्याची वाट चालून गेलेल्या त्या मुलाची जिद्द या वाळूतलीच. जवळच आसूदच्या पोफळीच्या बागा आणि ओढ्यापलीकडे केशवराजाचे मंदिर. मुर्डी हे श्री. ना. पेंडसे यांचे जन्मगाव. ‘गारंबीचा बापू’ ज्यांनी वाचली आहे, त्यांना येथील माणसे प्रथमच भेटली तरी ओळखीची वाटतील.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यांत सुवर्णदुर्ग आहे. त्यामुळे पाहुण्यांची वर्दळ वाढेल यात शंका नाही. समोरच्या फत्तेदुर्गाची स्थिती निराळी आहे. त्याच्या टेकाडावर कोळ्यांची घरे इतकी दाटली आहेत की किल्ला शोधावा लागतो. तटाचे दगड कोठे भिंतीत तर कोठे पायरीत दिसतात, आणि जेथून एके काळी तोफा डागल्या गेल्या तेथे आता दोरीवर बोंबील वाळत असतात.